बाकावरची बाजारपेठ

काचेची एक बरणी, गळ्यापर्यंत नाण्यांनी भरलेली. प्राध्यापक ती टेबलावर ठेवतात आणि सांगतात, हिचा लिलाव आहे. आत किती रक्कम असेल याचा प्रत्येकानं अंदाज करायचा, तो चिठ्ठीवर लिहायचा आणि त्याखाली आपली बोली लिहायची. शेजारच्याच्या चिठ्ठीत डोकवायचं नाही. ज्याची बोली सर्वांत मोठी, त्यानं तेवढे पैसे मोजायचे आणि बरणीतली रक्कम घेऊन जायची.

मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युएलसन यांनी असे ४८ लिलाव बॉस्टन विद्यापीठातल्या एमबीएच्या वर्गांत घेतले आणि त्यांतून काय निघालं ते १९८३ साली प्रसिद्ध केलं. प्रत्येक बरणीतल्या ऐवजाची किंमत ८ डॉलर होती. विद्यार्थ्यांना अर्थातच ती ठाऊक नव्हती. सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी निघाली ५ डॉलर १३ सेंट. म्हणजे वर्ग एकंदरीत बिचकत होता. आत होतं त्यापेक्षा बरंच कमी आहे असं समजत होता. इतका सावध वर्ग असेल, तर जिंकणाऱ्याची चंगळच व्हायला हवी. प्रत्यक्षात जिंकलेल्या बोलींची सरासरी भरली १० डॉलर १ सेंट. लिलाव जिंकणारा सरासरी २ डॉलर घालवून बसला.

वर्गानं कमी लेखलेली वस्तू वर्गातल्याच एकानं तोट्यात कशी घेतली? वेडेपणा कुणीच केलेला नसतो. काहींचा अंदाज खाली जातो, काहींचा वर. पण बरणी सरासरीला मिळत नाही. लिलाव सगळ्या अंदाजांमधून सर्वांत टोकाचा, सर्वांत आशावादी माणूस हुडकून काढतो आणि बरणी त्याच्या हाती देतो. बोली लावणारे जितके जास्त, तितकं ते टोक खऱ्या किमतीपासून लांब. स्पर्धक वाढले की बोली चढवावी असं मन सांगतं. गणित मात्र जपून राहायला सांगतं. चिठ्ठी लिहिण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न असा: समजा मी जिंकलो, तर त्यावरून मला काय कळेल? कळेल ते इतकंच, की खोलीतल्या बाकी सगळ्यांना ही बरणी माझ्यापेक्षा कमी मोलाची वाटली होती.

तेलाच्या धंद्यानं हे ज्ञान फार महागात विकत घेतलं. अलास्काच्या उत्तर भागातल्या तेलक्षेत्रांसाठी १९६९ साली सरकारनं बोली मागवल्या. जिंकलेल्या बोलींची बेरीज ९० कोटी डॉलर झाली. त्याच भूखंडांसाठी दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या बोलींची बेरीज होती फक्त ३७ कोटी. म्हणजे कंपन्यांनी जवळच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा ५३ कोटी जास्त मोजले होते. अटलांटिक रिचफिल्ड या तेलकंपनीतले तीन अभियंते, केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल, यांनी १९७१ साली एका लेखात हे कोडं उलगडलं. प्रत्येक कंपनीकडे भूगर्भतज्ज्ञ होते, प्रत्येकाचा अंदाज प्रामाणिक होता, आणि तरीही सर्वांत चुकलेला अंदाज पुनःपुन्हा जिंकत होता. याला पुढे ‘विनर्स कर्स’, विजेत्याला भोवणारा शाप, असं नाव पडलं.

मला भारावून टाकणारी गोष्ट ही, की जमिनीखालच्या तेलासाठी आखलेली बोली आणि नाण्यांच्या बरणीसाठी खरडलेली चिठ्ठी एकाच नियमानं फसतात. आणि तो नियम पन्नास मिनिटांच्या तासात, घंटा व्हायच्या आत, डोळ्यांसमोर घडवून दाखवता येतो.

असं घडवून दाखवण्याची सर्वांत जास्त गरज जिथं भासते तो विषय म्हणजे व्यवसायाचं धोरण, म्हणजे स्ट्रॅटेजी. तो पदवीच्या मुलांना शिकवण्यावर पूर्वीपासून एक आक्षेप आहे आणि तो वरवरचा नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलानं दुकान चालवलेलं नसतं, कुणाचा पगार केलेला नसतो, उधारी बुडालेली पाहिलेली नसते. कंपनीनं कुठल्या बाजारात उतरावं आणि कुठल्या नाही, हे तो कशाच्या आधारावर ठरवणार? अमेरिकेत १९५९ साली रॉबर्ट गॉर्डन आणि जेम्स हॉवेल यांनी फोर्ड फाउंडेशनसाठी व्यवसायशिक्षणावर मोठा अहवाल लिहिला. हिशेब, वित्त, विपणन असे सुटे शिकलेले विषय शेवटी एकत्र बांधणारा ‘बिझनेस पॉलिसी’ हा विषय असावा, असं त्यांनी सुचवलं. तोच पुढे स्ट्रॅटेजी झाला, आणि आज आपल्याकडच्या बीबीए-बीएमएसच्या मुलांनाही तो भेटतो. पण कळस ठेवायला सांगितलं, तरी अनुभवाचा पाया कुठून आणायचा हा प्रश्न उरलाच होता. मला वाटतं, त्याचं सर्वांत सुंदर उत्तर व्याख्यानात नाही, खेळात सापडतं. अनुभव सांगून देता येत नसेल, तर तो वर्गातच पिकवायचा.

अशा खेळांचा राजा म्हणजे एमआयटीचा ‘बिअर गेम’. त्याच्या मुळाशी जे फॉरेस्टर हा माणूस आहे. नेब्रास्कात गुरांच्या रँचवर वाढलेला, शिक्षणानं विद्युत अभियंता. सुरुवातीच्या संगणकांची चुंबकीय स्मृती घडवण्यात त्याचा मोठा वाटा. १९५६ साली तो एमआयटीच्या व्यवस्थापन विभागात आला. तिथं जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी त्याच्यासमोर एक अडचण मांडली. केंटकीतल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन-चार पाळ्या चालत, तर काही वर्षांनी निम्म्या लोकांना घरी बसवावं लागे. व्यापारचक्र असं असतं, असं म्हणून सोडून देणं सोपं होतं. फॉरेस्टरनं मात्र विचारलं, की मागणी आणि साठा पाहून तुम्ही माणसं आणि माल कसा ठरवता? मग वहीच्या पानावर रकाने आखून, पेन्सिलीनं, आठवड्यामागून आठवडा हिशेब करत गेला. बाहेरची मागणी स्थिर धरली तरी आकडे वरखाली होतच राहिले. चढउतार बाहेरून येत नव्हते. कारखान्याच्या निर्णयपद्धतीतच ते दडलेले होते.

वहीतला हा हिशेब टेबलावर मांडला की बिअर गेम होतो. एका संघात चार जागा: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. बिअर खरी नसते, सोंगट्या खोक्यांचं काम करतात. दर आठवड्याला दुकानदार गड्डीतलं एक पान उलटतो. त्यावर त्या आठवड्याची गिऱ्हाइकांची मागणी असते आणि ती फक्त त्यालाच दिसते. तो आपल्या साठ्यातून माल देतो आणि घाऊक व्यापाऱ्याला चिठ्ठी लिहितो. घाऊक व्यापारी वितरकाला, वितरक कारखान्याला. चिठ्ठी पोचायला वेळ लागतो, माल यायला आणखी दोन आठवडे. पडून राहिलेल्या खोक्यामागे आठवड्याला ५० सेंट खर्च, देता न आलेल्या खोक्यामागे १ डॉलर. एकमेकांशी बोलायला मनाई. प्रत्येकानं आठवड्याला एकच आकडा ठरवायचा: वरच्याकडून किती मागवू?

पहिले काही आठवडे शांततेत जातात. मग दुकानदाराचा साठा उतरायला लागतो. तो जरा जास्त मागवतो. माल येत नाही, म्हणून आणखी मागवतो. घाऊक व्यापाऱ्याला वाटतं, बाजारात बिअरचं वेड आलंय. तो आपली भर घालून वर पाठवतो. वितरक त्यावर आपली. कारखान्यावर बसलेला मुलगा घाबरून उत्पादन कितीतरी पट वाढवतो. आणि मग एके दिवशी सगळा माल एकदम येऊन आदळतो. सोंगट्यांचे ढीग लागतात, मागणीच्या चिठ्ठ्यांवर शून्य लागतं, ते आठवडेच्या आठवडे हटत नाही. वर्गात आवाज चढलेले असतात. दुकानदार घाऊक व्यापाऱ्यावर चिडलेला, कारखाना सगळ्यांवर.

मग प्राध्यापक एक साधी गोष्ट करायला सांगतात. दुकानदार सोडून बाकीच्यांनी, गिऱ्हाइकांची मागणी कशी होती त्याचा आलेख काढा. बहुतेक जण लाट काढतात: आधी उंच चढलेली, मग कोसळलेली. त्यानंतर गड्डी उघडली जाते. पहिले चार आठवडे ४ खोकी. पाचव्या आठवड्यात ८. आणि त्यानंतर शेवटपर्यंत ८, ८, ८, ८. एकदाच एक पायरी चढलेली मागणी. ज्या वादळाशी तासभर झुंज दिली, ते वादळ बाहेर नव्हतंच.

अभ्यासक जॉन स्टर्मन यांनी १९८९ साली या खेळाच्या नोंदी काटेकोरपणे तपासल्या. उत्तम खेळला तर संघाचा खर्च २०४ डॉलरवर राहू शकतो. प्रत्यक्षातली सरासरी होती २०२८ डॉलर. जवळजवळ दहापट. किरकोळ दुकानदाराची सर्वांत मोठी मागणी सरासरी १५ खोक्यांची, तर कारखान्याची ३२. साखळीत जितकं वर जावं तितकी लाट उंच. चुकीचं मूळही त्यांनी शोधलं. हातात किती माल आहे हे खेळणारे नीट बघतात. मागवलेला पण अजून न आलेला माल मात्र विसरतात. वाटेवरच्या खोक्यांना मनात जागाच मिळत नाही.

सर्वांत थक्क करणारा भाग मला याच्याही पुढचा वाटतो. २०१४ साली क्रोसन, डोनोह्यू, कॅटोक आणि स्टर्मन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनिश्चितताच काढून टाकली. मागणी दर आठवड्याला ४, कायमची ४, आणि हे चौघांनाही आधीच सांगितलेलं. प्रत्येकानं दर वेळी ४ लिहायचं, बस. तरीही साखळी डगमगली. कारण प्रत्येकाला वाटत होतं, मला कळलंय, पण वरच्याला आणि खालच्याला कळलंय का? त्यानं घोळ घातला तर आपण उघडे पडू नये, म्हणून चार खोकी जास्त मागवून ठेवूया. तेवढ्यानं दुसऱ्याची शंका खरी ठरते. स्ट्रॅटेजीच्या पुस्तकात प्रतिस्पर्धी, पुरवठादार, गिऱ्हाईक असे शब्द चौकटीत बसवलेले असतात. या खेळात ते शब्द समोरच्या खुर्चीत बसतात, आणि त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. माझ्या मते या विषयाचा गाभा हाच आहे, आणि तो एखाद्या मुलाला एकदा असा भेटला की पुस्तकातल्या चौकटीही त्याला जिवंत दिसू लागतात.

धंद्याच्या जगात हे रोज घडतं. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या लोकांच्या लक्षात आलं होतं, की बाळं लंगोट वापरतात ते एकसारख्या गतीनं, दुकानातली विक्रीही फारशी हलत नाही, पण वितरकांच्या मागण्या उसळतात, आणि कंपनीनं कच्च्या मालासाठी दिलेल्या मागण्या त्याहून जास्त. हात जरासा हलावा आणि चाबकाचं टोक कडाडावं, तसं. म्हणून याला ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात. १९९७ साली हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग यांच्या लेखांनी ते नाव सगळीकडे पोचवलं. महासाथीच्या काळात मोटारींना चिप मिळेनात आणि त्यानंतर अनेक प्रकारच्या चिप गोदामांत साचल्या, तेव्हा हा खेळ खेळलेल्या कुणालाही ती गोष्ट ओळखीची वाटली असेल.

खेळाच्या जोडीला केस असते, म्हणजे धंद्यात घडलेला एखादा खरा प्रसंग. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये १९१९ साली डीन झालेले वॉलेस डोनहॅम कायद्याचे पदवीधर होते. वकिलांना जसं खटल्यांवरून शिकवतात तसं व्यवसायही घडलेल्या प्रसंगांवरून शिकवावा, यासाठी त्यांनी जोर लावला. १९६१ साली अहमदाबादचं आयआयएम हार्वर्डच्या सहकार्यानं उभं राहिलं आणि ही पद्धत आपल्याकडे रुजली. पदवीच्या मुलांसाठी केस निवडताना मला महत्त्वाची वाटते ती एकच कसोटी: केसमधल्या धंद्यानं काय सोडलं, ते दिसलं पाहिजे. स्ट्रॅटेजीचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी १९९६ सालच्या लेखात हेच ठासून मांडलं, की काय करायचं नाही हे ठरवणं म्हणजे स्ट्रॅटेजी.

याचं एक लखलखीत उदाहरण मुंबईच्या लोकलमधून फिरतं. डबेवाल्यांवर हार्वर्डचे स्टीफन थॉमकी यांनी केस लिहिली आहे. मावळ, खेड, जुन्नर भागांतून आलेली सुमारे ५ हजार माणसं महासाथीपूर्वी रोज लाखाहून जास्त डबे पोचवत होती. झाकणावरच्या रंगीत खुणा सगळ्यांना ठाऊक असतात आणि वर्ग तिथंच कौतुक करून थांबतो. खरी गंमत नकारांत आहे. मोठा किंवा वेडावाकडा डबा क्रेटमध्ये बसत नाही, म्हणून चालत नाही. घरातून डबा वारंवार उशिरा निघत असेल, तर ते गिऱ्हाईक सोडून दिलं जातं. काही स्थानकांवर लोकल जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्यात क्रेट चढले पाहिजेत, आणि एका घराचे लाड पुरवले तर शेकडो डबे चुकतात. वेळापत्रक रेल्वेचं, माणसं एकाच पट्ट्यातली, गट छोटे आणि आपले आपण चालणारे, डबा ठरावीक मापाचा. यातला एक धागा ओढा, बाकीचे सैल पडतात. ‘यांनी रात्रीचं जेवणही पोचवावं का?’ असं वर्गाला विचारा. पहिल्या मिनिटाला सगळे हो म्हणतील. मग कुणीतरी हळूच विचारेल, संध्याकाळच्या गर्दीत क्रेट चढणार कसे? तिथून पुढचा अर्धा तास शिक्षकाला बोलावं लागत नाही.

आता केस-पद्धतीचाच पाय घसरवणारी एक केस. होंडाची.

ब्रिटिश मोटरसायकल उद्योग बुडत चालला, तेव्हा ब्रिटिश सरकारनं बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीकडून अहवाल मागवला. १९७५ सालच्या त्या अहवालात होंडाच्या अमेरिकेतल्या यशाचं विश्लेषण आखीव होतं: जपानमध्ये छोट्या गाड्यांचं प्रचंड उत्पादन, त्यातून घटलेला खर्च, त्या जोरावर अमेरिकेत स्वस्त छोट्या गाड्यांचा नवा बाजार, तिथून पायरीपायरीनं मोठ्या गाड्यांकडे. वर्गात ही केस आधी दिली, की मुलं प्रभावित होतात. किती दूरदृष्टी!

मग दुसरी केस वाटायची. व्यवस्थापनाचे अभ्यासक रिचर्ड पास्कल यांनी १९८२ साली टोकियोत होंडाच्या सहा अधिकाऱ्यांना गाठून मुळात काय झालं ते विचारलं आणि १९८४ साली लिहिलं. १९५९ मध्ये ही माणसं लॉस एंजेलिसला उतरली ती मोठ्या गाड्या विकायला. त्या गाड्यांच्या हॅन्डलचा आकार बुद्धाच्या भुवईसारखा आहे आणि तो गिऱ्हाइकांना आवडेल, असा कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा यांचा विश्वास होता. जपानी अर्थखात्यानं २ लाख ५० हजार डॉलरची परवानगी दिलेली, त्यात रोकड १ लाख १० हजारच. एका स्वस्त घरात सगळे राहायचे, दोघं जमिनीवर झोपायचे. गोदामातली खोकी स्वतः रचायचे. थोड्याच महिन्यांत मोठ्या गाड्यांचं तेल गळायला लागलं, क्लच जायला लागले. अमेरिकेत लोक जपानपेक्षा फार लांब आणि फार वेगात चालवत होते. दरम्यान ही मंडळी गावातली कामं करायला ५० सीसीची छोटी सुपर कब वापरायची. लोक वळून बघायचे. सिअर्स कंपनीच्या खरेदीदाराचा फोन आला. तरी त्यांनी छोटी गाडी पुढे करायला हात आखडता घेतला, कारण मर्दानी मोटरसायकलींच्या बाजारात आपलं नाव खराब होईल अशी भीती होती. मोठ्या गाड्यांनी दगा दिल्यावर दुसरा मार्गच उरला नाही. आणि सुपर कब विकायला पुढे आले ते मोटरसायकलवाले नव्हेत, खेळाच्या सामानाचे दुकानदार.

दोन्ही केस एकाच यशाच्या. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग आणि इतरांनी त्यावर वर्षानुवर्षं वाद घातले आणि मला तो वाद अजूनही मिटलेला वाटत नाही. पास्कल यांची गोष्ट वाचून सगळं नशीबच होतं असं म्हणणारा विद्यार्थी घाई करतो. स्वस्तात टिकाऊ इंजिन बनवायची ताकद होंडाकडे आधीपासून होती. ती नसती, तर चालून आलेल्या संधीचं काही झालं नसतं. पहिल्या केसला ताकद दिसते, दुसरीला वळण. वर्गाला दोन्ही लागोपाठ वाचायला लावली, की आधीच्या तासाला ठामपणे मत मांडलेली मुलं आपलीच टिपणं पुन्हा काढून वाचतात.

पास्कल यांच्या त्या वृत्तांतात आणखी एक माणूस येतो, बिननावाचा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, यूसीएलएत, जाहिरातीचा विषय घेऊन पदवी करणारा विद्यार्थी. नेहमीच्या गृहपाठासाठी त्यानं होंडाची एक काल्पनिक जाहिरातमोहीम आखली. होंडावर भेटतात ती सगळ्यांत चांगली माणसं, अशी तिची कल्पना. काळ्या कातडी जॅकेटातल्या दांडगटांची समजली जाणारी मोटरसायकल त्यानं आईबाप, शेजारी, विद्यार्थी यांच्या हाती दिली होती. शिक्षकांना ती आवडली, आणि त्यांच्या प्रोत्साहनानं ती ग्रे अॅडव्हर्टायझिंगमधल्या एका ओळखीच्या माणसापर्यंत गेली. ग्रेनं ती होंडाकडे नेली. होंडाचे अधिकारी तिच्यावरून आपसांत दुभंगले. शेवटी विक्रीप्रमुखानं आग्रह धरला आणि १९६३ साली मोहीम सुरू झाली. १९६४ साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या दर दोन मोटरसायकलींमागे जवळजवळ एक होंडा होती.